बाळंतिणीची विचारपूस

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू नये, सकाळी जाणत्या बाईने तिचे अंग तेलाने रगडून तिला कढत पाण्याने न्हाऊ घालावे, ओवा-शेपेची धुरी द्यावी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाऊ घालावेत, पाचवीला सटवाईची पूजा करावी आणि बाराव्या दिवशी बारसे करून नातलगांची तोंडे गोड करावीत, असा जो परिपाठ महाराष्ट्रातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्या मुळाशी प्रसूत झालेली स्त्री ही काही काळ इतरांनी सांभाळावयाची असते, ही अत्यंत सुजाण जाणीव होती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. या परिपाठातील काही गोष्टी वैद्यकीयदृष्ट्या अनाठायी आहेत, आणि कोंदट खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवण्यासारख्या काही तर माता व अर्भक या दोघांनाही अपायकारक आहेत. परंतु कामाच्या रगाड्यातून स्त्रीला चाळीस दिवस मुक्त करणारी, तिच्या पानात आधी वाढणारी आणि तिच्या उशाशी कोणी ना कोणी बसवणारी ही रीत केवळ आपलीच नव्हे, तर पंजाबापासून बंगालपर्यंत आणि सरहद्दीपलीकडे पाकिस्तानातही थोड्याफार फरकाने आढळते.

मात्र अंगाची निगा राखणाऱ्या या व्यवस्थेत मनाची चौकशी राहून गेली. बाळाने दूध किती घेतले, रात्री कितीदा उठले, बाळंतिणीला दूध पुरेसे येते की नाही, तिच्या कमरेत कळ आहे की नाही, याची वास्तपुस्त दिवसातून दहा वेळा होते. परंतु बाळ निजल्यावर तरी तिला झोप लागते का, बाळाकडे पाहून तिच्या मनात काय येते, जीव नकोसा होतो का, हे तिला विचारण्याची पद्धत घरात नाही आणि प्रसूतिगृहातही फारशी नाही. घर माणसांनी भरलेले आणि मध्यभागी बसलेली स्त्री मात्र पूर्ण एकाकी, ही अवस्था आपल्या समाजात किती सामान्य आहे, याचा हिशेब अलीकडच्या काळापर्यंत कोणी मांडलेलाच नव्हता.

तो हिशेब ज्यांनी निष्ठेने मांडला, त्यांत गोव्यातील एका संशोधनाचे स्थान मोठे आहे. बार्देस तालुक्यातील म्हापसा येथील आझिलो इस्पितळात तपासणीसाठी येणाऱ्या, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील २७० स्त्रियांशी विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी संवाद साधला, आणि प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांच्या मनःस्थितीची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास शेकडा २३ माता खिन्नतेच्या विकाराने, म्हणजे ज्याला आज सर्वसाधारणपणे नैराश्य म्हटले जाते त्याने, ग्रस्त असल्याचे आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही त्यातून बाहेर आलेल्या नव्हत्या. त्याहूनही विचारात पाडणारी गोष्ट अशी की, या आजारी मातांपैकी शेकडा ७८ जणींना मानसिक त्रास गरोदरपणीच सुरू झाला होता, आणि या साऱ्या जणी इस्पितळाच्या नोंदवहीत नाव असलेल्या, ठरलेल्या दिवशी वजन व रक्तदाब तपासून घेणाऱ्या स्त्रिया होत्या. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ पाहण्यांचे आणि सुमारे २०,००० मातांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले, तेव्हाही प्रमाण शेकडा २२ च्या घरात निघाले. आपल्या देशात प्रसूत होणाऱ्या दर पाच स्त्रियांमागे एक स्त्री हे दुःख घेऊन उठते-बसते, असा याचा अर्थ होतो.

साक्षरतेत आणि दवाखान्यातील प्रसूतींत गोव्याचा क्रमांक देशात नेहमीच वरचा राहिला आहे. तेथे हे प्रमाण असेल तर त्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. पाहणीत जी कारणे पुढे आली ती साधी आणि कठोर होती: दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध, पतीची मारहाण, आणि मुलगी होणे. मुलगा झाला तर इतर अनेक आपत्ती सोसण्याचे बळ स्त्रीला मिळत होते, आणि मुलगी झाली तर त्याच आपत्तींचा भार अधिक जाचक होत होता. प्रसूतीच्या खोलीबाहेर ‘पहिली बेटी धनाची पेटी’ असे कोणीतरी सांत्वनाच्या सुरात म्हणते, तेव्हा आपले काहीतरी चुकले असून आता आपली समजूत घातली जात आहे, हे त्या थकलेल्या आईला नेमके कळते. तिच्या उदासीचे मूळ मेंदूतील रसायनांत शोधताना या सांत्वनालाही कारणांच्या यादीत जागा दिली पाहिजे, असे मला वाटते.

येथे या दुखण्याच्या प्रकारांतील भेद सांगणे अवश्य आहे, कारण घरोघर तो न कळल्यामुळे एकतर नाहक घबराट होते किंवा घातक दिरंगाई होते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून निम्म्याहून अधिक स्त्रियांना अकारण रडू कोसळते, चिडचीड होते, क्षणात हसू आणि क्षणात आसू अशी स्थिती होते. गरोदरपणी वाढलेली संप्रेरके प्रसूतीनंतर एकाएकी उतरतात, अंग थकलेले असते, झोप मोडलेली असते, आणि ही अवस्था विश्रांतीने व मायेने दोन आठवड्यांच्या आत बहुधा आपोआप ओसरते. जी उदासी दोन आठवडे उलटूनही जात नाही, जिच्यात कशातच रस वाटत नाही, अन्न गोड लागत नाही, बाळ निजलेले असतानाही डोळ्याला डोळा लागत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत हा विचार अष्टौप्रहर पाठ सोडत नाही आणि क्वचित मरणाचेही विचार येऊ लागतात, तो विकार असून त्यावर उपचार आहेत. तो प्रसूतीनंतर पहिल्या काही आठवड्यांत जडतो, तसाच कित्येक महिन्यांनीही जडू शकतो. तिसरा प्रकार विरळा, हजार प्रसूतींत एखाद-दुसरा, परंतु अतिशय उग्र: पहिल्या दोन आठवड्यांतच स्त्रीची झोप समूळ उडते, ती असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज तिला ऐकू येतात, बाळाविषयी भलत्याच कल्पना तिच्या मनात घर करतात. अशा वेळी अंगारे-धुपारे करण्यात किंवा ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणण्यात एक दिवसही न दवडता तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे, कारण ही तातडीची बाब आहे आणि वेळेवर उपचार झाल्यास यातून स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

दुसऱ्या प्रकारातील स्त्री ‘मी उदास आहे’ अशी कैफियत घेऊन क्वचितच येते. तिचे डोके दुखते, अंगात कसकस असते, हातपाय गळून जातात, छातीत धडधडते, किंवा फार तर तिला ‘टेन्शन’ आलेले असते. वडीलधारी माणसे याला बाळंतवात म्हणतात, कोणी दृष्ट लागली म्हणतात, कोणी बाहेरची बाधा मानतात. त्यांना दोष देण्यात हशील नाही, कारण काहीतरी बिनसले आहे एवढे तरी त्यांच्या ध्यानी आलेले असते. खरा अन्याय ‘आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणे काढली?’ या प्रश्नाने होतो. तो विचारणाऱ्या सासूच्या किंवा आईच्या मनात दुष्टावा नसतो. तिचेही दुःख तिच्या काळी कोणी विचारलेले नसते, आणि न विचारलेल्या दुःखाचा काळांतराने अभिमान होऊन बसतो. परंतु त्या एका प्रश्नानंतर सून किंवा लेक पुन्हा तोंड उघडत नाही.

या मौनाची किंमत अर्भकालाही द्यावी लागते. म्हापशाच्याच मातांच्या बाळांचा पुढे मागोवा घेण्यात आला, तेव्हा खिन्नतेने ग्रासलेल्या आयांची बाळे सहा महिन्यांच्या वयात वजनाने कमी असण्याचा संभव इतर बाळांच्या दुपटीहून अधिक दिसून आला. ज्या घराला आईच्या मनाविषयी आस्था नाही त्यालाही बाळाच्या वजनाची काळजी असतेच, आणि पुढे सांगावयाच्या प्रयोगात या गोष्टीचा फार समंजसपणे उपयोग करून घेण्यात आला.

तत्पूर्वी माहेराविषयी दोन शब्द. माहेर हे बाळंतिणीचे विश्रांतिस्थान आहे हे खरेच. परंतु ते सर्वांना लाभत नाही आणि ज्यांना लाभते त्यांनाही मुदतीपुरतेच लाभते. माहेरी आई नसली, भावजयीचा संसार असला, घरात दोन वेळची भ्रांत असली, तर लेक तेथेही संकोचूनच राहते. आणि सव्वा महिना किंवा तीन महिने संपवून ती ज्या दिवशी सासरी परत येते, त्या दिवशी तिच्यामागे स्वयंपाक, पाणी, शेत किंवा कचेरी हे सारे पुन्हा लागते, शिवाय आता कडेवर बाळ असते. नैराश्याचा विकार अनेकींना याच सुमारास गाठतो, आणि तेव्हा बाळंतपण ‘झालेले’ असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. १९६१ च्या प्रसूती-लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे योग्यच झाले. परंतु बीड जिल्ह्यातून कारखान्याच्या हंगामासाठी बिऱ्हाड उचलून निघणाऱ्या आणि तान्ह्या बाळाला उसाच्या फडाच्या कडेला झोळीत निजवून मोळ्या बांधणाऱ्या स्त्रीपर्यंत ती तरतूद पोहोचत नाही. तिला माहेरही नाही आणि रजाही नाही.

मग उपाय कोणता? मनोविकारतज्ज्ञांची संख्या इतकी तोकडी आहे, आणि ते राहतात ती शहरे खेड्यातील बाळंतिणीपासून इतकी दूर आहेत, की दर पाचांतील एका मातेस त्यांच्याकडे धाडणे हा व्यवहार्य विचारच नव्हे. या पेचातून वाट काढणारा प्रयोग पाकिस्तानात, रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला, आणि माझ्या मते आपल्या उपखंडाने जगाला दिलेल्या आरोग्यविषयक देणग्यांत त्याची गणना व्हावयास हवी. तेथे १९९४ पासून ‘लेडी हेल्थ वर्कर’ नावाच्या आरोग्यसेविकांची योजना सरकारने चालवली आहे. गावातीलच बेताचे शिक्षण झालेली स्त्री, सुमारे हजार लोकवस्तीमागे एक, घरोघर जाऊन लसीकरण, कुटुंबनियोजन आणि माता-बालकांच्या आरोग्याचे काम पाहते. अतिफ रहमान या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सेविकांना अवघ्या काही दिवसांचे शिक्षण देऊन मातांशी संभाषण करण्याची एक पद्धत शिकवली. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट, प्रसूतीनंतरच्या महिन्यात तीन, आणि पुढे नऊ महिने महिन्याला एक, अशा एकूण १६ भेटी होत्या. भेटीत चित्रे असत. ‘माझे नशीबच खोटे, मी काही केले तरी बाळ अशक्तच राहणार’ असा विचार करणारी आई आणि तिच्या शेजारी ‘आज एवढे तरी करून पाहते’ म्हणणारी आई अशी चित्रे पुढे ठेवून सेविका विचारी, की यांतली कोणती तुला जवळची वाटते, आणि दुसरीसारखे वागायचे तर या आठवड्यात कोणती एक लहानशी गोष्ट करता येईल. पुढच्या खेपेस त्या गोष्टीचे काय झाले याची आस्थेने चौकशी होई. आईचे स्वतःचे स्वास्थ्य, तिचे बाळाशी नाते आणि तिचे भोवतालच्या माणसांशी नाते, या तीन विषयांभोवती सारे बोलणे फिरत असे.

या योजनेतील शहाणपणाची एक बाब मुद्दाम नोंदवतो. मनाचा आजार या नावाने सेविका कोणत्याही घराची कडी वाजवत नसत; बाळाची वाढ उत्तम व्हावी म्हणून आम्ही आलो आहोत, असे त्या सांगत, आणि ते खरेही होते. नातवंडाच्या भल्यासाठी आलेल्या बाईला कोणती आजी दारातून परत पाठवील? अशा रीतीने सासूही बोलण्यात सामील होई, पतीलाही एखादे काम नेमून दिले जाई, आणि ज्या स्त्रीकडे घराने पाठ फिरवली असती ती घराच्या सामाईक उद्दिष्टाचा केंद्रबिंदू होई. २००८ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. ४० युनियन कौन्सिलांतील, म्हणजे आपल्याकडील गटग्रामपंचायतींसारख्या घटकांतील, ९०३ खिन्न मातांपैकी ज्यांना हे नवे संभाषण लाभले त्यांच्यात बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा शेकडा २३ जणी अजून आजारी होत्या. ज्यांना लाभले नाही त्यांच्यात शेकडा ५३. बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही हे संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु त्यांना हगवण कमी झाली, त्यांचे लसीकरण अधिक पूर्ण झाले, आणि आईच नव्हे तर बापही बाळाशी अधिक वेळ खेळू लागल्याचे आढळले.

परंतु या आकड्यांच्या पोटात दडलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या मातांना नवे संभाषण मिळाले नाही त्यांच्याकडेही तितक्याच वेळा आरोग्यसेविका गेल्या होत्या. भेटींची संख्या समान, येणारी स्त्री त्याच दर्जाची, घरेही तशीच. भेद होता तो केवळ काय विचारले, कसे ऐकले आणि ऐकल्यावर काय केले, यांत. आपण बाळंतिणीभोवती माणसांची जी वर्दळ ठेवतो तिलाच आधार समजतो, आणि म्हणून ‘घरात एवढी माणसे असताना हिला एकटे कसे वाटते?’ असे आपल्याला कोडे पडते. रावळपिंडीच्या त्या समान भेटींनी दाखवून दिले, की आधार हे शिकून घेता येणारे कौशल्य आहे, आणि ते शिकण्यास पदवी लागत नाही.

आपल्याच देशात झारखंड व ओडिशातील पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केंदुझर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने निराळी वाट चोखाळली. तेथे घरोघर जाण्याऐवजी गावातील स्त्रियांची मंडळे भरवण्यात आली. स्थानिक बाई सूत्रधार, महिन्याला एक बैठक, चित्रांचे खेळ आणि गोष्टी यांच्या आधारे बाळंतपणातील अडचणींची चर्चा, त्यांतून एखादी अडचण निवडून तिच्यावर गावाने करावयाची तजवीज आणि पुढे त्या तजविजीची झडती. कोठे आजारी बाईला दवाखान्यात नेण्यासाठी निधी उभा राहिला, कोठे वाहनाची सोय झाली. नवजात अर्भकांचे मृत्यू तीन वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २०१० साली प्रसिद्ध झाले आणि त्याची वाखाणणी झाली. परंतु त्याच अहवालात असेही नमूद आहे, की संपूर्ण कालावधीचा विचार करता मातांच्या नैराश्यात निश्चित म्हणण्याजोगा फरक दिसला नाही, तरी तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्य मंडळे असलेल्या गावांत शेकडा ५७ ने कमी होते. त्या बैठकांत नैराश्याचा विषय कोणी काढलेला नव्हता. आपली अडचण चार बायकांसमोर मांडता येते, ती आपल्या एकटीची नसते, आणि तिच्यावर काही करता येते, या तीन गोष्टींचा प्रत्यय महिन्या-महिन्याला येत राहिला. तिसरे वर्ष उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली, हेही योजना आखणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. विश्वास वार्षिक अंदाजपत्रकाच्या मुदतीत जमत नाही.

पुढे रावळपिंडीची पद्धत गोव्यात आली तेव्हा तीत एक महत्त्वाचा बदल झाला. १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने सरकारी सेविकांऐवजी त्याच वस्तीतील, स्वतः आई असलेल्या सामान्य स्त्रियांना हे काम शिकवले आणि त्यांना ‘सखी’ हे नाव दिले. रावळपिंडीतही त्याच धर्तीवर ‘रझाकार’ म्हणून शेजारणी पुढे आल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ पूर्वीइतका मोठा दिसला नाही, तो मर्यादित होता. परंतु जी स्त्री काल स्वतः रात्र-रात्र जागली होती तिने आज शेजारच्या घरी जाऊन ‘तुला कसे वाटते?’ असे विचारावे, याला अत्यल्प खर्चात यश येते एवढे त्यातून सिद्ध झाले. तज्ज्ञांची गरज यामुळे संपत नाही. सखीच्या मागे शिकवणारी, पडताळून पाहणारी आणि अवघड प्रसंगी धावून येणारी व्यवस्था हवीच. ती नसेल तर एका दुःखी स्त्रीचा भार दुसऱ्या गरीब स्त्रीच्या खांद्यावर टाकल्यासारखे होईल.

देश सोडून गेलेल्या मातांची गोष्ट आणखी निराळी. लंडन, लेस्टर किंवा न्यू जर्सीतील मराठी घरात मुलीच्या बाळंतपणासाठी आई विमानाने जाते, सामानात डिंक आणि अळीव बांधून नेते, आणि पर्यटकाच्या परवान्यावर सहसा सहा महिन्यांपलीकडे मुक्काम करता येत नसल्यामुळे परत फिरते. सव्वा महिन्याचे माहेर असे परवान्याच्या मुदतीत बसवावे लागते. ज्यांना हेही शक्य होत नाही त्यांच्यापाशी उरतो तो फोनच्या पडद्यावरचा चेहरा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी कुळांतील मातांना नैराश्य अधिक प्रमाणात होते आणि उपचार मात्र कमी मिळतात, हे तेथील अभ्यासकांनी दाखवले आहे. भाषा हे त्याचे एक कारण, आणि घरची गोष्ट बाहेर गेली तर अब्रू जाईल ही धास्ती दुसरे. मँचेस्टरच्या नुसरत हुसेन यांच्या नेतृत्वाखाली ‘रोशनी’ या नावाने झालेल्या प्रयोगात अशा ७३२ मातांचा समावेश होता. त्यांच्या भाषा आणि रीतिरिवाज जाणणाऱ्या स्त्रियांनी चालवलेल्या १२ सामूहिक बैठकांनंतर, चार महिन्यांच्या अखेरीस सुमारे निम्म्या माता बऱ्या झाल्या होत्या, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३७ होते. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतील अंतर मिटले. सोबत जेव्हा संपते तेव्हा तिचा लाभही ओसरू लागतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. आणि म्हणून परदेशस्थ महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव व दिवाळी यांच्या जोडीला तान्ह्या बाळांच्या आयांची एखादी मासिक बैठक कायमची चालवावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

आता आपल्या राज्यातील सरकारी यंत्रणेकडे वळू. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात अर्भकांची घरीच निगा राखता येते हे सिद्ध केले, १९९९ साली ते जगापुढे आले, आणि त्यातूनच पुढे ‘आशा’ कार्यकर्तींच्या गृहभेटींची देशव्यापी योजना साकार झाली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी जावे, बाळाचे वजन घ्यावे, ताप पाहावा, आणि छापील नमुना भरावा, असा हुकूम आहे. त्या नमुन्यात आईविषयीही प्रश्न आहेत: ताप आहे काय, दुर्गंधीयुक्त स्राव आहे काय, दूध येते काय, ती असंबद्ध बोलते काय वा तिला झटके येतात काय. म्हणजे मन पार उद्ध्वस्त झाले तर त्याची नोंद होण्याची सोय आहे. ते हळूहळू खचत असेल तर नाही.

ही उणीव दूर करणे फार खर्चाचे काम नाही. गेल्या महिनाभरात मन उदास, निराश वाटत राहिले का, आणि कोणत्याच गोष्टीत गोडी वाटेनाशी झाली का, एवढे दोन प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी जगभर वापरले जातात. त्यांचे उत्तर होकारार्थी आले तर ब्रिटनमधील एडिंबरा येथे तयार होऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, जिचे कोकणी रूप म्हापशाच्या पाहणीत वापरले गेले. मात्र प्रश्न छापून आशाताईंच्या हाती आणखी एक कागद ठेवला की काम संपले, असे समजू नये. आधीच डझनावारी कामांनी वाकलेल्या आणि मानधनासाठी वारंवार मोर्चे काढावे लागणाऱ्या या स्त्रियांना वेळ, मोबदला, शिक्षण आणि सल्ल्यासाठी हक्काचे माणूस न देता हे काम सोपवले, तर रावळपिंडीतील दुसऱ्या गटासारख्या कोरड्या भेटी तेवढ्या वाढतील. प्रश्न विचारताना सासू शेजारी बसलेली असेल तर उत्तर खरे येणार नाही. तेव्हा ‘बाळाला जरा उन्हात नेता का?’ म्हणून तिला युक्तीने बाहेर पाठवण्याचे चातुर्यही शिकवावे लागेल.

ज्यांना औषधांची गरज आहे त्यांनी अंगावर पाजत असल्याच्या भीतीने ती टाळू नयेत. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधे आहेत आणि ती डॉक्टर निवडून देऊ शकतात. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आजारी आईला बाळासह दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २१ व्या कलमानुसार तीन वर्षांखालील मूल असलेली स्त्री अशा संस्थेत उपचार घेत असताना तिला मुलापासून सामान्यतः विलग करता येत नाही. तेव्हा ‘दाखल केले तर बाळ हिरावून घेतील’ ही भीती कायद्याने तरी निराधार ठरवली आहे. जवळ कोणीच नसेल तर १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. हा क्रमांक पतीनेही लावावा, सासूनेही लावावा. बोलण्याचे त्राण बाळंतिणीतच असले पाहिजे असे नाही.

आणखी एक अडचण केवळ व्यवस्थेची आहे. बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या भेटी बाळंतीण ज्या गावी असेल त्या गावच्या आशाताई करतात. पुढे ती सासरी परतते तेव्हा माहेरी कोणाला काय दिसले हे सासरच्या गावी कळत नाही, आणि विकार बळावण्याचा काळ तर तेथेच सुरू होतो. परंतु तीच आई बाळाला लस टोचून घेण्यासाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व पुन्हा नवव्या महिन्यात अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येते. बाळाला टोचल्यावर अर्धा तास तिला थांबवून ठेवण्याचा नियम आहे, आणि बहुतेक वेळा ती एकटी, बाळाला मांडीवर घेऊन, भिंतीशी बसलेली असते. सासरचे कोणी जवळ नसलेली ती वेळ त्या दोन प्रश्नांसाठी राखून ठेवावी, उत्तरे बाळाच्या लसीकरणाच्या पत्रकावरच नोंदवावीत, आणि तेथील परिचारिकेला ती आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत त्याच आठवड्यात पोहोचवण्याची जबाबदारी द्यावी. जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर एवढे काम पुढच्या लसीकरणाच्या दिवसापासून सुरू होऊ शकते.